सासूबाईंना अंगणात माणसं दिसतात आणि पाटल्यांचा आळ सुनेवर येतो, तेव्हा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका सुनेनं विचारलं आहे: सासूबाई ७८ वर्षांच्या, दोन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. 'माझ्या पाटल्या सुनेनंच चोरल्या' असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. नणंदेला फोन करून 'मला जेवायला घालत नाहीत' म्हणतात. दिवेलागणीला त्यांना अंगणात माणसं बसलेली दिसतात, कधी वारलेले सासरे येऊन गेले असं वाटतं. गेल्या चार दिवसांत हे सगळं फार वाढलंय, रात्रीची झोप गेलीय. शेजारी म्हणतात, बाहेरचं आहे. गावातल्या डॉक्टरांनी चहातून नकळत द्यायला थेंब लिहून दिलेत. ते द्यावेत का? आणि सासूबाईंना खरं काय ते सांगावं, की 'हो'ला 'हो' म्हणावं?

ताई, तुम्ही शेवटी लिहिलेल्या चार दिवसांपासून सुरुवात करते, कारण घाई तिथं आहे. अल्झायमर महिन्यामहिन्यानं, वर्षावर्षानं पुढे सरकतो. चार दिवसांत माणूस एवढा बदलला, तर आधी शरीरात दुसरं काही बिघडलंय का ते बघायचं. म्हातारपणी मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग झाला तरी ताप येईलच असं नाही, आणि जळजळ होतेय हे सासूबाई सांगू शकतीलच असंही नाही. दिसतो तो नुसता वाढलेला गोंधळ, आणि त्याबरोबर वाढलेले भास. चार दिवस शौचाला न झाल्यानं असं होतं, पाणी कमी प्यायल्यानं होतं, छातीत कफ धरून न्यूमोनिया झाल्यानं होतं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर रक्तातलं सोडियम उतरून होतं. साखरेची गोळी घेतली आणि जेवण राहिलं, तरी होतं. मागच्या महिन्यात न्हाणीत घसरून डोकं आपटलं होतं का, तेही आठवा. मेंदूभोवती हळूहळू रक्त साठून त्याचा त्रास काही आठवड्यांनीही सुरू होतो.

औषधांचं तर विशेष सांगायला हवं. अल्झायमरमध्ये मेंदूतलं अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन आधीच कमी पडलेलं असतं. मेडिकलमधून सहज आणलेल्या सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामीन, झोपेसाठी किंवा पाय दुखतात म्हणून दिलेलं अमिट्रिप्टिलिन, सारखी लघवी होते म्हणून दिलेलं ऑक्सिब्युटिनिन, थरथरीसाठीचं ट्रायहेक्सीफेनिडिल ही सगळी औषधं त्याच रसायनाचं काम आणखी अडवतात. पावसाळ्यात आपल्याकडं घरोघर सर्दी-खोकला असतो आणि एकाची गोळी दुसऱ्याला दिली जाते. म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्या, बाटल्या आणि मलमंसुद्धा एका पिशवीत घाला आणि पिशवी डॉक्टरांसमोर रिकामी करा. लघवीची तपासणी, रक्ताची साधी तपासणी, सोडियम, साखर, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन एवढं उद्याच करून घ्या. यातलं काही सापडलं आणि त्यावर उपचार झाले, तर भास बरेच खाली येतात आणि थेंबांचा प्रश्नच उरत नाही, हे मी वारंवार पाहिलंय.

आता अंगणातली माणसं. डोळे शेवटचे कधी तपासले? मोतीबिंदू वाढला, त्यात दिवेलागणीचा अंधुक उजेड, की मेंदू अर्धवट दिसलेल्याचं स्वतःच काहीतरी पुरं करून टाकतो. जिनिव्हाच्या शार्ल बोने यांनी १७६० साली आपल्या आजोबांबद्दल लिहून ठेवलंय. मोतीबिंदूनं नजर गेलेल्या त्या आजोबांना माणसं, पक्षी, इमारती दिसायच्या. ते खरं नाही हे त्यांना कळायचं, कारण त्यांची बुद्धी शाबूत होती. तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत नजर आणि पारख दोन्ही कमी झालीय, म्हणून त्यांना ती माणसं खरीच वाटतात. मोतीबिंदू असेल तर 'आता या वयात कशाला' म्हणून टाळू नका. कानात मळ साठलाय का तेही बघून घ्या. ज्याला नीट ऐकू येत नाही, त्याला पलीकडच्या खोलीतलं बोलणं आपल्याविरुद्धचं कुजबुजणं वाटतं.

खानापूरकडच्या पावसात आषाढात दुपारी चारलाच घरात अंधारतं, त्यात लाइट जाते. खुंटीला टांगलेली घोंगडी, दोरीवरचं लुगडं, कपाटाचा आरसा, हार घातलेले फोटो यांतलं काहीही त्या वेळी माणूस होऊन बसतं. एक दिवस संध्याकाळी तुम्ही स्वतः त्यांच्या जागी, त्यांच्याच उंचीवर बसा आणि त्या बघतात तिकडं बघा. बऱ्याचदा कारण तिथंच सापडतं. घोंगडी हलवा, आरशावर कापड टाका, अंधार पडायच्या आधीच दिवे लावा, लाइट गेली तरी चालेल असा एक चार्जिंगचा बल्ब त्यांच्या खोलीत ठेवा. मालिकांतली भांडणं संध्याकाळी बंद ठेवा, कारण टीव्हीतली माणसं घरातच आहेत असं त्यांना वाटू शकतं.

खरं सांगायचं की हो म्हणायचं, या दोन्हींत मला अडकायचं नाही. त्या काय बघतात यापेक्षा त्यांना त्याचं काय वाटतंय, हे आधी ओळखा. "अगं, मंडळी कधीची बसल्यात, चहा ठेव की," असं त्या खुशीत म्हणत असतील, तर "ठेवते की, तुम्हीपण घ्या घोटभर," म्हणा आणि त्यांनाच चहा द्या. तिथं कुणी नाही हे पटवून कुणाचं काय भलं होणार आहे? अशा भासाला औषध लागत नाही. पण त्या घाबरल्या असतील, "ती माणसं मला न्यायला आलीत" म्हणत असतील, तर "मला कुणी दिसत नाही, पण तुम्हाला भीती वाटतीय हे कळतंय, मी इथंच आहे," असं म्हणायचं. मग हात धरून स्वयंपाकघरात आणायचं, दिवा लावायचा, शेंगा सोलायला द्यायच्या. जागा बदलली, हाताला काम मिळालं की भास बहुतेक वेळा मागे पडतो. काठी घेऊन त्या माणसांना हाकलण्याचं नाटक मात्र करू नका. तसं केलं की माणसं खरंच होती आणि धोकाही होता, यावर शिक्कामोर्तब होतं.

सासऱ्यांचंही तसंच. "ते जाऊन अकरा वर्षं झाली" असं प्रत्येक वेळी सांगितलं, तर त्यांना ते प्रत्येक वेळी पहिल्यांदाच कळतं आणि तेच दुःख नव्यानं होतं. "काय म्हणाले?" असं विचारा. त्यांच्या आवडीच्या भाजीची, शेताची, बैलांची गोष्ट काढा.

पाटल्यांचं जास्त सविस्तर लिहिते, कारण तुम्हाला सगळ्यात जास्त तेच लागलंय. स्मृतिभ्रंशात चोरीचा संशय सर्वांत जास्त वेळा दिसतो आणि तो तयार होण्याची रीत ठरलेली असते. असुरक्षित वाटतं म्हणून वस्तू लपवली जाते, लपवलेलं आठवत नाही, वस्तू जागेवर नाही एवढंच समोर दिसतं. मग मनाला कारण हवं असतं आणि कारण म्हणून जवळचं माणूस सापडतं. जवळचं म्हणजे जे दिवसभर आंघोळ घालतं, भरवतं, कपाट आवरतं ते. तुमच्या हातून काही चुकलंय म्हणून हा आळ आलेला नाही. तुम्ही सतत त्यांच्याजवळ आहात म्हणून आला आहे.

घरात आधी एकदा शांतपणे खात्री करा की वस्तू खरंच गेलेली नाही. म्हातारं माणूस काहीही बोलतं असं धरून खऱ्या चोरीकडं दुर्लक्ष झालेलीही घरं आहेत. मग लपवायच्या जागा शोधा. तांदळाचा डबा, उशीचा अभ्रा, देव्हाऱ्याची मागची बाजू, अंथरुणाची घडी, जुन्या लुगड्याचा सोगा. माणसाच्या जागा दोन-तीनच असतात आणि त्या फारशा बदलत नाहीत. केर टाकण्याआधी बघून घ्या. खऱ्या पाटल्या नवऱ्यानं आणि नणंदेनं मिळून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवाव्यात, यादीवर दोघांच्या सह्या असाव्यात. सासूबाईंच्या हातात तशाच दिसणाऱ्या, एक ग्रॅम सोन्याचा मुलामा दिलेल्या पाटल्या असू द्या. ही फसवणूक नाही का, असं मला विचारतात. हाताला पाटल्या लागल्या की त्यांचा जीव शांत होतो आणि खरं सोनं त्यांच्याच नावानं सुरक्षित राहतं. यात मला गैर काही दिसत नाही.

आळ आला की "मी कशाला घेऊ तुमच्या पाटल्या?" असा वाद घालू नका. "भांडण मिटावं म्हणून हो म्हणून टाक" असा सल्ला घरातली मोठी माणसं देतील, तोही ऐकू नका. न केलेली चोरी कबूल केली की संशय पक्का होतो, आणि तुम्हाला ते आतून पोखरतं ते वेगळंच. "पाटल्या सापडत नाहीत होय? चला, दोघी मिळून शोधू," एवढं बोला. शोधता शोधता त्यांच्या लग्नातल्या दागिन्यांची गोष्ट निघू द्या. सापडल्यावर "बघा, तुम्हीच ठेवल्या होत्या" हे वाक्य मात्र गिळून टाका.

जेवणाचंही असंच. जेवल्याचं त्या विसरतात, आणि काही वेळा भूक भागल्याची जाणीवच मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. एक पूर्ण ताट देण्याऐवजी तेच जेवण चार वेळा थोडं थोडं द्या. "आत्ताच तर जेवलात" याऐवजी "भाकरी तव्यावर आहे, तोवर हे खा" म्हणत चिरमुरे, केळं, ताक पुढं करा. महिन्यातून एकदा वजन करून वहीत लिहून ठेवा. ते डॉक्टरांनाही लागतं आणि नणंदेलाही दाखवता येतं.

नणंदबाईंशी बोलायचं काम तुमचं नाही, तुमच्या नवऱ्याचं आहे. भावानं बहिणीला आजार समजावून सांगावा आणि आठ-दहा दिवस राहायला बोलवावं. दोन दिवसांसाठी नको. पाहुणं आलं की असे रुग्ण सावरून बसतात, नीट बोलतात, चहापाणी विचारतात, आणि बघणाऱ्याला वाटतं की आईला काहीच झालेलं नाही, सूनच वाढवून सांगते. आठवडाभर राहिलं की संध्याकाळ दिसते, रात्र दिसते, आणि पुढं बहुतेक वेळा आळ त्यांच्यावरही येतो. त्यानंतर त्या तुमच्या बाजूनं उभ्या राहतील. एवढं करूनही रोज आळ ऐकणं सोसण्यापलीकडं जातं. आठवड्यातून ठरलेला अर्धा दिवस तुम्ही घराबाहेर, आणि त्या वेळी मुलगा आईजवळ, हे औषधाइतकंच गरजेचं आहे. 'त्यांना आजार आहे, मनावर घेऊ नकोस' एवढं सांगून घरातल्यांची सुटका होत नाही.

पुढं कधी सासूबाई तुमच्या नवऱ्यालाच "हा माझा मुलगा नव्हे, त्याच्यासारखा दिसणारा दुसराच कुणीतरी आहे" म्हणाल्या, तर हबकू नका. चेहरा ओळखू येतो, पण चेहऱ्याबरोबर येणारी आपलेपणाची खूण तुटलेली असते. आवाजाची ओळख बऱ्याचदा टिकून राहते, म्हणून खोलीत शिरण्याआधी बाहेरूनच "आई, मी आलो गं" अशी हाक मारत यायचं. जेवणात विष घातलंय असं म्हटल्या, तर एकाच भांड्यातून वाढून घेऊन तुम्ही आधी घास घ्या.

जोडीदाराच्या निष्ठेवरच्या संशयाला मी जास्त घाबरते. १९०१ साली फ्रँकफर्टमध्ये आलोइस अल्झायमर यांनी ज्या ऑगस्टे डेटर यांना तपासलं, आणि ज्यांच्यावरून हा आजार जगाला कळला, त्यांच्याही आजारात नवऱ्याबद्दलचा संशय अगदी सुरुवातीपासून होता. आपल्याकडं ऐंशीचे आजोबा पंचाहत्तरच्या आजींवर संशय घेतात आणि घरचे हसण्यावारी नेतात. तसं करू नये, त्यातून मारहाण झालेली मी पाहिली आहे. कोयता, विळा, कुऱ्हाड, शेतातल्या फवारणीचं औषध हे सगळं कुलपात, आणि परड्यातल्या विहिरीवर जाळी, एवढं भास-संशय असलेल्या प्रत्येक घरात व्हायलाच हवं.

आपल्या भागातली आणखी एक गोष्ट बाहेरून आलेल्या डॉक्टरांच्या ध्यानात येत नाही. आपल्या घरांत मराठी-कन्नड दोन्ही चालतं, आणि स्मृतिभ्रंशात मागाहून शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी निसटते. बैलहोंगल किंवा गोकाककडच्या कन्नड घरातून येऊन साठ वर्षं मराठीत संसार केलेली आजी एके दिवशी नातवंडांशी कन्नडच बोलू लागते आणि भोवती मराठी बोलणारी माणसं तिला परकी वाटतात. 'मला घरी सोडा' हा हट्ट अशा वेळी जोर धरतो. कुणीतरी "ऊट आयता?" (जेवण झालं का?) एवढं विचारलं तरी ती निवळते. याच्या उलट, मराठी शाळेत शिकलेल्या आजोबांची तपासणी कन्नडमधून झाली तर आजार आहे त्याहून मोठा दिसतो. सासूबाईंची जन्मभाषा कोणती, शिक्षण किती आणि कोणत्या भाषेत, हे डॉक्टरांना आधीच सांगा. राज्य कोणतं विचारल्यावर त्या 'मुंबई' म्हणाल्या, तर त्यांचं लहानपण १९५६ च्या आधीचं, म्हणजे बेळगाव मुंबई राज्यात होतं तेव्हाचं आहे, हेही सांगा. 'बेळगावी'ऐवजी 'बेळगाव' हे जुनं नाव सांगितलं तर ती चूक धरायचीच नाही.

शेजाऱ्यांच्या 'बाहेरचं'बद्दल. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांत स्मृतिभ्रंश आढळला, म्हणजे तुमच्याच गावात आणखी काही घरांत हेच चाललेलं असणार. अंगारा लावायला, कुलदैवताला नारळ द्यायला माझी काही हरकत नाही, सासूबाईंना त्यानं बरं वाटत असेल तर जरूर करा. पण औषधं थांबवणं, उपाशी ठेवणं, मिरचीची धुरी, बांधणं, मारणं यांतलं काहीही नाही. भूत काढण्याच्या नावाखाली असली मारहाण करणं कर्नाटकाच्या २०१७ च्या कायद्यानं गुन्हा आहे. आणि पौर्णिमेच्या गर्दीत त्यांना सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर नेऊ नका. अनोळखी गर्दी, आवाज आणि जागरण यांनी भास वाढतात. यल्लम्माचा फोटो घरी आहे, पूजा घरीच करू द्या.

आता थेंब. चहातून नकळत द्यायला लिहिलेले थेंब बहुतेक वेळा हॅलोपेरिडॉलचे असतात, बाटलीवर नाव वाचा. भास आणि संशय यांवरची ही जी औषधं आहेत, त्यांच्याबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकानं २००५ साली कडक इशारा दिला. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवरच्या १७ चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा साधारण दहा आठवड्यांत ही औषधं घेणाऱ्यांपैकी सुमारे ४.५ टक्के दगावले, न घेणाऱ्यांपैकी २.६ टक्के. तो इशारा नव्या औषधांपुरता होता, २००८ साली हॅलोपेरिडॉलसारखी जुनी औषधंही त्यात आली. पक्षाघाताचा धोकाही वाढतो. म्हणून ही औषधं कधीच द्यायची नाहीत असं मी म्हणत नाही. भीतीनं रुग्णाचा जीव कासावीस होतोय, जेवण तुटलंय, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल अशी वेळ आलीय आणि बाकी उपाय करून झालेत, तेव्हा मीही देते. रिस्पेरिडोन ०.२५ मिलिग्रॅमपासून किंवा क्वेटियापिन १२.५ मिलिग्रॅमपासून सुरू करते, घरच्यांना धोका समजावून आणि थांबवण्याची तारीख ठरवूनच. चार आठवड्यांत फरक नाही पडला तर हळूहळू बंद. फरक पडला, तरी चार महिन्यांच्या आत कमी करून बघायचं. तीच चिठ्ठी वर्षानुवर्षं मेडिकलला दाखवत राहणं सगळ्यात वाईट.

हॅलोपेरिडॉलला माझा विरोध आणखी एका कारणानं आहे. माणसं, लहान मुलं, जनावरं अगदी स्पष्ट दिसणं हे लुई बॉडी नावाच्या स्मृतिभ्रंशात फार असतं. तसं असेल तर चाल मंदावते, हातपाय ताठरतात, एक दिवस अगदी शुद्धीवर तर दुसऱ्या दिवशी भ्रमिष्ट असं होतं, आणि झोपेत माणूस स्वप्नातल्यासारखा हातवारे करतो, ओरडतो. अशा रुग्णाला हॅलोपेरिडॉलनं अंग लाकडासारखं ताठ होऊ शकतं, गिळता येईनासं होतं, शुद्ध हरपते, जिवावर बेततं. उलट त्यांच्या भासांवर रिव्हास्टिग्मीन किंवा डोनेपेझिल चांगलं लागू पडतं. तुमच्या सासूबाईंमध्ये यातलं काही आहे का हे तपासल्याशिवाय ते थेंब सुरू करू नका. काही डोस गेले असतील आणि लाळ गळतेय, ठसका लागतोय, चालताना तोल जातोय, सारखी गुंगी आहे, तर पुढचा डोस न देता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बेळगावात जिल्हा रुग्णालयात म्हणजे बिम्समध्ये आणि केएलई रुग्णालयात मानसोपचार विभाग आहेत, पुढं गरज पडली तर धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७. जाताना गोळ्यांची पिशवी आणि एक वही न्या. वहीत भास किती वाजता झाला, त्याआधी काय घडलं होतं, त्या घाबरल्या की नाही, कशानं शांत झाल्या, एवढंच लिहा. मोबाइलवर छोटा व्हिडिओ घेतला तर तो फक्त डॉक्टरांना दाखवा, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. आणि जमलं तर नणंदबाईंना त्या दिवशी सोबत न्या, म्हणजे डॉक्टर जे सांगतील ते त्यांनाही समोरासमोर ऐकता येईल.